वारशात काय आलं, तेही मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. ‘याला सगळं आयतं मिळालं’ हे इथल्या प्रत्येक दुसऱ्या पिढीला ऐकावं लागतं. रेसिंगच्या गप्पा रंगल्या की चालकांनाही तोच न्याय लागतो. बाप रेसर म्हणून पोरगा रेसर, त्यात कसलं कौतुक? असा निकाल देण्याआधी फॉर्म्युला वन चालक डेमन हिलची कारकीर्द नीट बघावी, असं माझं ठाम मत आहे.

डेमनचे वडील ग्रॅहम हिल 1962 आणि 1968 चे फॉर्म्युला वन जगज्जेते. मोनॅकोची शर्यत त्यांनी पाच वेळा मारली. इंडियानापोलिस 500 आणि ल मां 24 तास या शर्यतीही जिंकल्या. असा बाप म्हटल्यावर पोराचं भलंच झालं असणार, असं कोणालाही वाटेल. पण 29 नोव्हेंबर 1975 च्या रात्री फ्रान्समधली चाचणी आटोपून परतताना, लंडनजवळ दाट धुक्यात ग्रॅहम स्वतः चालवत असलेलं विमान कोसळलं. त्यांच्यासह त्यांच्या रेसिंग संघातले सहाही जण गेले. विमानाची कागदपत्रं धड नव्हती, त्यामुळे विमा लागू झाला नाही. मृतांच्या कुटुंबीयांचे दावे हिल कुटुंबावर आले आणि राहतं घर विकावं लागलं. डेमन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वारशात आलं ते हे.

पुढे त्याने मजुरी केली, लंडनच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून टपाल-पाकिटं पोचवली आणि हौसेने मोटारसायकलच्या शर्यतीही केल्या. आईला दुचाकीची धास्ती वाटली म्हणून तिने त्याला फ्रान्समधल्या कार रेसिंग शाळेत धाडलं. 1992 मध्ये मोडकळीला आलेल्या ब्रॅबम संघाची गाडी त्याला मिळाली. आठ प्रयत्नांत तो दोनदाच शर्यतीला पात्र ठरला. सिल्व्हरस्टोनला आला तो सोळावा, म्हणजे शेवटचा. वय होतं 31. त्याच काळात तो विल्यम्स संघासाठी चाचणी चालक म्हणून राबत होता. गाडी चालवायची, ती कुठे ओढते, कुठे सुटते हे इंजिनियरांना सांगायचं आणि रविवारी दुसऱ्याला जिंकताना बघायचं. आमच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला या कामाची किंमत सांगावी लागत नाही. याच कामामुळे 1993 मध्ये विल्यम्सने त्याला शर्यतीची गाडी दिली.

मग आला 1 मे 1994. इमोलाच्या शर्यतीत संघातला सहकारी आयर्टन सेना गेला आणि हादरलेल्या संघाचा भार डेमनवर आला. महिना उलटायच्या आत, 29 मे रोजी त्याने स्पेनची शर्यत जिंकली. 1968 मध्ये जिम क्लार्क गेल्यावर लोटस संघाला पहिला विजय ग्रॅहमनेच मिळवून दिला होता, आणि तोही स्पेनमध्येच. 1994 च्याच जुलैत डेमनने ब्रिटिश ग्रां प्री जिंकली, जी वडिलांना कधीच जिंकता आली नव्हती. विजेतेपद मात्र अॅडलेडला प्रतिस्पर्धी शूमाकरशी झालेल्या धडकेत एका गुणाने हुकलं.

1996 मध्ये आठ शर्यती जिंकून तो जगज्जेता झाला. जगज्जेत्याचा मुलगा जगज्जेता होण्याची ही पहिलीच वेळ होती. डोक्यावर वडिलांचंच हेल्मेट: गडद निळं, त्यावर वल्ह्यांच्या पांढऱ्या पात्या, लंडन रोइंग क्लबची खूण. पण आडनाव खरंच नोकरी देत असतं, तर ती टिकलीही असती. पुढच्या वर्षासाठी त्याच्या जागी दुसरा चालक घेण्याचा निर्णय विल्यम्सने हंगाम संपायच्या आधीच घेऊन ठेवला होता.

उत्तम गाडी होती म्हणून जिंकला, असं म्हणणाऱ्यांसाठी हंगेरीची 1997 ची शर्यत आहे. अॅरोज संघाने तोवर एकही शर्यत जिंकली नव्हती. त्या गाडीत बसून डेमनने शूमाकरला मागे टाकलं आणि शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी टिकवली. गाडीत बिघाड झाला, तरी तो दुसरा आला. पुढच्या वर्षी स्पाच्या पावसात त्याने जॉर्डन संघाला पहिलावहिला विजय मिळवून दिला.

घराण्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. ओळखी मिळतात, पहिलं दार उघडतं. रेसिंगसारख्या पैसेखाऊ खेळात हे लहान नाही, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांच्यावर अन्याय होतो हेही खरं. पण फायदा मोजायचा तर ओझंही मोजा. निवृत्तीनंतर डेमन नैराश्याबद्दल मोकळेपणाने बोलला. त्याच्या मुलानेही, जॉशनेही, शर्यती केल्या. 2013 मध्ये बाविसाव्या वर्षी त्याने त्या सोडल्या. तोही निर्णय तितकाच धाडसाचा मानला पाहिजे.

पोरांना कार्टिंगच्या ट्रॅकवर आणणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे: त्यांना गाडी द्या, शिकवा, पण थांबायचं असेल तर थांबू द्या. आणि कठड्याबाहेर उभं राहून बघणाऱ्यांनी पोराचं आडनाव विचारण्याआधी त्याच्या फेरीची वेळ बघावी.