लावणी चालते, लावणीवाली चालत नाही

आमच्या विश्रांतवाडीतल्या महिला मंडळाचा आठ मार्चचा कार्यक्रम ठरत होता. लावणी हवीच, यावर सगळ्यांचं एकमत. नऊवारी कोणाची, घुंगरू कुठून भाड्याने आणायचे, सगळं बोलून झालं. तेवढ्यात एक जण म्हणाली, "त्यापेक्षा संगीतबारीतल्या बाईंनाच बोलवूया की! बसून काय सुंदर अदा करतात त्या." खोली एकदम गप्प. मग "घरचे काय म्हणतील?", "मुलं असतात गं बरोबर." शेवटी मत घेतलं, तेव्हा 'नको' म्हणणाऱ्यांत माझाही हात होता. लाज वाटते, पण लिहिते.

अर्जेंटिनाच्या टँगोचंही असंच झालं होतं. ब्युनोस आयर्सच्या गरीब वस्त्यांत, परदेशातून पोटासाठी आलेल्या एकट्या पुरुषांच्या गर्दीत तो वाढला. सभ्य घरांत त्याचं नाव काढायची सोय नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आधी पॅरिसने तो डोक्यावर घेतला, आणि मग घरच्या प्रतिष्ठितांनाही तो आवडू लागला! १९१७ साली कार्लोस गार्देलने गायलेल्या एका गाण्यात बाई सोडून गेलेला पुरुष रिकाम्या खोलीत रडतो. तिथून गाण्यातला टँगो बहुतेक विरहाचाच झाला.

आपल्या लावणीतही विरह आहेच. पेशवाईत पुरुष मोहिमेवर जायचे, महिनोन् महिने परतायचे नाहीत. मागे राहिलेलीची तळमळ रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांनी लिहिली. म्हणजे दुःख बाईचं, शब्द पुरुषांचे. पण बैठकीच्या लावणीत गंमत अशी, की गाणारी तीच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी नजरेने, बोटांनी तिचा वेगळाच अर्थ दाखवते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा नुसती वाट पाहणं. शाहिराने लिहिलं नसेल तेही ती सांगून जाते. हे मला फार मोठं वाटतं.

आपलं 'पॅरिस' म्हणजे सिनेमा. सुलोचना चव्हाणांनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन लावणी गायली आणि ती घराघरात रेडिओवर शिरली. त्यांचा आवाज अस्सलच, त्यात वाद नाही. पण वाईच्या यमुनाबाई लहानपणी रस्त्यावर खेळ करून पोट भरत होत्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या रात्री त्यांना घरी का जाता आलं नाही, हे कोणी विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं होतं? टँगोतला तो पुरुष निदान स्वतःचंच रडतो. हिने दुसरीचा विरह गायचा, आणि स्वतःचं राहून जायचं.

परवा मंडळात मी विषय पुन्हा काढला. दोघीजणी माझ्या बाजूने झाल्या, सहाजणी अजून नाराज आहेत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी मानधन किती ते तर विचारा." तेवढं विचारून ठेवलंय. आमच्या डीजेवाल्यापेक्षा ते कमीच निघालं.