निबंधातला मोर

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वह्यांचा एक गठ्ठा माझ्या हाती आला. विषय नेहमीचाच, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. जवळजवळ प्रत्येक वहीत काळे ढग दाटून आले होते, मोर थुईथुई नाचत होता आणि आईने गरमागरम कांदाभजी तळली होती. ही मुलं ज्या वस्तीतली, तिथं मोर फिरकत नाही. मार्क मात्र सगळ्यांना चांगले पडले होते. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. परीक्षेत काय चालतं ते त्यांनी ओळखलं होतं आणि वर्षभर आपण त्यांच्याकडून तेच घोटून घेतलं होतं.

हे दुखणं जुनं आहे. चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडण्यासाठी लेखी परीक्षा शेकडो वर्षं चालली. तिच्यामागचा हेतू उमदा होता. सोंग राजवटीत उमेदवाराचं नाव झाकलं जाई आणि कारकून अख्खी उत्तरपत्रिका नव्याने उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला अक्षरावरूनही माणूस ओळखू येऊ नये. ज्याच्या घरी वशिला नाही, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण ढीगभर उत्तरपत्रिका तपासायच्या, तर साचा हवासा वाटतो. मिंग काळात आठ अंगांचा निबंध रूढ झाला. विषय कसा फोडायचा, जोडवाक्यं कुठं यायची, सगळं बांधलेलं. लिहिणाऱ्यानं बोलायचं तेही स्वतःच्या नव्हे, कन्फ्यूशियससारख्या थोरांच्या आवाजात. पास झालेल्यांचे निबंध छापून विकले जाऊ लागले आणि मुलं ते पाठ करू लागली. १९०५ साली परीक्षा बंद झाली, तोवर कितीतरी पिढ्यांची बुद्धी त्या साच्यात खर्ची पडली होती.

तरीही साच्याला नुसती नावं ठेवून भागणार नाही. १९६१ साली अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ जणांकडून तपासून घेतले. त्यांत शिक्षक होते, संपादक होते, वकील होते. श्रेणी एकूण नऊ. १०१ निबंधांना एकापासून नऊपर्यंत सगळ्याच्या सगळ्या श्रेणी मिळाल्या! कुणी विचार पाहत होतं, कुणी मांडणी, कुणी शुद्धलेखन. तपासणाऱ्याच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य टांगायचं नसेल, तर ठरलेले निकष हवेतच. माझं भांडण निकषांशी नाही. निकष हाती पडल्याबरोबर आपण मुलाच्या तोंडची भाषा काढून घेतो, भांडण त्याच्याशी आहे.

मराठी निबंध म्हटलं की आपण १८७४ च्या ‘निबंधमाला’ मासिकापासून मोजायला लागतो. त्याआधी १९ वर्षं, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला होता. मुक्ता साळवे तिचं नाव. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली. आज जिला आपण सातवी-आठवीच्या बाकावर बसवू, त्या वयाची. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. पेशवाईत आपल्या माणसांचे झालेले हाल तिनं मांडले, आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचं दुःखही. लिहिण्याचं शिक्षण तिला शाळेनं दिलं, सांगायचं काय ते तिच्याजवळ होतंच. शाळेनं ते पुसून टाकलं नाही, हे मला त्या शाळेचं सर्वांत मोठं काम वाटतं.

म्हणून निबंधाच्या तयारीचा क्रम उलटा करा, एवढीच मागणी आहे. आधी मुलाला बोलू द्या. काल काय पाहिलं, कोण काय म्हणालं, कशाचा वास येत होता, ते विचारा. मग कच्चं लिखाण. परिच्छेद, ऱ्हस्व-दीर्घ, वेळेचं गणित त्यानंतर शिकवा, पण कसून शिकवा. याला पहिले दोन महिने जास्त लागतील आणि शिक्षकाला वह्या खरोखर वाचाव्या लागतील. साठ-साठ मुलांच्या वर्गात हे सोपं नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून बिगरशैक्षणिक कामांचं ओझं आधी शिक्षकांच्या डोक्यावरून उतरवलं पाहिजे.

त्या गठ्ठ्यात एका वहीत मोर नव्हता. रात्री पत्र्यातून पाणी गळू लागलं तेव्हा आईनं शेळी घरात घेतली आणि दप्तर पिठाच्या डब्यावर ठेवलं, असं त्या मुलीनं पाच ओळींत लिहिलं होतं. खाली लाल शाईत शेरा होता : ‘निबंध अपुरा.’ शेजारी कोऱ्या जागेत मी पेन्सिलीनं विचारलं, ‘मग तुम्ही झोपलात कुठं?’ चार दिवसांनी वही परत आली. दीड पान भरलं होतं.