थंड मुलखातले छापील काँक्रीट : नक्षीआधी पायाचा हिशेब मांडा

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, टोरोंटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टन शहरात माझा भाचा घराभोवतालचे काँक्रीट घालण्याचे काम करतो. गाडी उभी करण्याची वाट, दारापर्यंतची पायवाट, मागचे अंगण, अशी त्याची कामे. स्वतः धरून चार माणसांची टोळी, एक ट्रक आणि छाप्याच्या साच्यांचे दोन संच, एवढे त्याचे भांडवल. २०२३ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे होतो. माझा जन्म कापडाच्या पेढीवर गेला, तेव्हा गवंडीकामात मी बोलू नये हे खरे. पण जे पाहिले ते आपल्या धंद्याच्या इतके जवळचे निघाले की लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्यांची मुले, पुतणे, भाचे थंड मुलखात बांधकामाच्या धंद्यात आहेत किंवा जाऊ पाहत आहेत, त्यांनी हे जरूर वाचावे.

या कामाला तिकडे स्टॅम्प्ड काँक्रीट म्हणतात. ओले काँक्रीट पसरून सपाट करायचे, त्यात किंवा त्यावर रंग द्यायचा, साचा चिकटू नये म्हणून वेगळ्या रंगाची बारीक पूड भुरभुरायची आणि मग रबरासारखे मोठे साचे ठेवून वरून ठोकायचे. साचा उचलला की खाली फरशी, वीट, घडीव दगड, हवे ते उमटते. आपला छीट छापणारा कारागीर लाकडी ठसा मारतो, तेच हे काम. फरक इतकाच की कापडावर ठसा चुकला तर वार दोन वार जाते, येथे सबंध अंगण जाते आणि तेही दोन तासांत घट्ट होऊन बसते.

या कलेचे श्रेय कॅलिफोर्नियाच्या ब्रॅड बोमन या ठेकेदाराला देतात. त्याने १९५० च्या दशकात हे काम सुरू केले. आता ध्यानात घ्या, तो समुद्रकाठचा सौम्य हवेचा मुलूख आहे, तिथे हिवाळ्यात जमीन गोठत नाही. तीच नक्षी ओंटारिओत आणली की सौदा बदलतो. तिथे घराचा पाया चार फूट खाली नेतात, कारण तेवढ्या खोलीपर्यंत जमीन गोठू शकते असे धरतात. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते. खालची चिकणमाती पाणी धरून बसली असेल तर ती फुगून सबंध लादी वर उचलते, वसंतात बर्फ वितळला की पुन्हा खाली सोडते. आणि हे एकदाच होत नाही. एका हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली कित्येकदा जातो.

म्हणून खरे काम नक्षीच्या खाली आहे. माती खोदून काढायची, त्या जागी फोडलेली खडी थराथराने टाकून यंत्राने दाबायची. पायवाटेला निदान चार ते सहा इंच, गाडीच्या वाटेला त्याहून जास्त. त्यावर काँक्रीट पायवाटेला चार इंच, गाडीखाली पाच-सहा. उतार घरापासून दूर, फुटामागे पाव इंच. हे सारे गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. कापडात ज्याला आपण ताणा-बाणा म्हणतो ते हे. पातळ विणीच्या कापडाला भरपूर खळ देऊन, वर झकपक छापा मारून विकणारे आपल्याकडेही आहेत. पहिल्या धुण्यात खळ निघते आणि हातात जाळी राहते. ओंटारिओत पहिले धुणे म्हणजे पहिला हिवाळा.

दुसरी गोष्ट काँक्रीटच्या पोटातील हवेची. हे मला नवीन होते. आपल्याकडे काँक्रीटमध्ये हवा राहिली तर मिस्त्री शिव्या खातो. तिकडे मुद्दाम एक औषध घालून डोळ्यांना न दिसणारे बारीक बुडबुडे काँक्रीटमध्ये राखतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला आत सरकायला जागा मिळते. याचा शोध १९३० च्या दशकात अमेरिकेत रस्त्यांवरून लागला. काही रस्ते थंडीत फुटत नव्हते. पाहिले तर त्यांचे सिमेंट दळताना गिरणीत चरबी वापरलेली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये बुडबुडे राहिले होते. गाळातून मोती निघावा तसा हा शोध. आज कॅनडाच्या प्रमाणपुस्तकात अशा उघड्या, मीठ लागणाऱ्या कामासाठी सी-२ नावाचा वर्ग आहे : ताकद २८ दिवसांत ३२ मेगापास्कल, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून जास्त नाही, आणि नेहमीच्या पाऊण इंची खडीला हवा पाच ते आठ टक्के. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, इंग्रजी कागद भाच्याकडून वाचून घेतले. पण हे चार आकडे पाठ करून आलो. मिक्सरची गाडी आली की ड्रायव्हरच्या पावतीवर हे पाहून घेता येते. पाहणारे किती, हा प्रश्न वेगळा.

आता भाच्याची चूक सांगतो, त्याच्या परवानगीने. २०२१ साली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आले. घरात नोव्हेंबरात लग्न, पाहुणे येण्याआधी पुढची वाट झाली पाहिजे, रोख पैसे. भाच्याला नाही म्हणवले नाही. मौसम संपत आला की चार महिने हात रिकामे राहतात, ही त्या धंद्याची मोठी धास्ती आहे, ती मी समजू शकतो. त्या दिवशी वारा सुटला होता, वरचा थर लवकर सुकू लागला, साचा नीट उमटेना, म्हणून याने वरून पाणी शिंपडले आणि थापीने फिरवले. तिकडचे कारागीर या शिंपडण्याला थट्टेने 'आशीर्वाद देणे' म्हणतात. असल्या आशीर्वादाने वरच्या पाव इंचातले सिमेंट पातळ होते आणि तिथली हवाही निघून जाते. लग्नाला वाट अशी दिसली की पाहुण्यांनी भाच्याचा नंबर मागून घेतला. डिसेंबरात घरमालकाने बर्फावर मीठ टाकले, रस्त्यावरचे मीठ गाडीच्या चाकांतून ठिबकले ते वेगळेच. मार्चमध्ये बर्फ गेला तेव्हा रस्त्याकडच्या भागाचे पापुद्रे निघालेले होते आणि रंगाखालून पांढरे काँक्रीट दिसत होते.

मालक म्हणे काम कच्चे, भाचा म्हणे मीठ का टाकले. दोघेही थोडे थोडे खरे होते. नव्या काँक्रीटला पहिल्या कडक गोठण्याआधी सुमारे महिनाभर पकायला आणि सुकायला मिळाले पाहिजे, आणि पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, नुसती वाळू टाकावी. खताच्या जातीची, अमोनियमची मिठे तर कधीच नको, ती काँक्रीटच खातात. पण हे मालकाला सांगणे कोणाचे काम होते? कागदावर एक ओळ नव्हती. भाच्याने तो पट्टा स्वखर्चाने तोडून पुन्हा घातला. नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळला नाही, तो जुळत नसतोच. दोन वेगवेगळ्या रंगणीतले तागे एकमेकांशेजारी लावून पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको.

मला विचाराल तर पाणी शिंपडणे ही दुसरी चूक. पहिली चूक तो सौदा घेणे. थंडीत घाई करायची तर काँक्रीट लवकर धरावे म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालतात, पण रंगीत कामात त्याने डाग पडतात. म्हणजे साध्या कामाला जी पळवाट आहे तीही छाप्याच्या कामाला उरत नाही.

सांध्यांचेही असेच. काँक्रीट आकसणार आणि तडकणार. ते सांगू तिथे तडकावे म्हणून चार इंची लादीला दर आठ-दहा फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका खोल काप देतात. घराच्या भिंतीला लागून फोमची पट्टी सोडतात, म्हणजे लादी उचलली तरी भिंतीला धक्का नको. गिऱ्हाइकाला हा काप आवडत नाही, नक्षीतून सरळ रेघ जाते म्हणून ते नाक मुरडते आणि काही ठेकेदार ते ऐकून काप कमी करतात. मग तडा स्वतःची रेघ मारतो, ती काही नक्षी बघून जात नाही. भाचा आता साचे मांडण्याआधीच कापाच्या जागा ठरवतो आणि जमेल तेवढे काप नक्षीच्या दगडांच्या सांध्यातून नेतो.

आणि सीलर. हा वरचा चकचकीत लेप दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. जाड दिला तर आत ओल कोंडून पांढरा पडतो. गुळगुळीत दिला तर बर्फात माणूस घसरतो, म्हणून त्यात बारीक कण मिसळावे लागतात. खोल नक्षीत बर्फ काढण्याचे फावडे अडकते, ते वेगळे. हा खर्च आणि ही मेहनत विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. ज्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांना मी तरी सांगेन, दारापुढे खोल दगडी नक्षी नको, झाडूने ओढलेले साधे खरबरीत काँक्रीट घ्या. ते स्वस्त आहे, पाय धरते आणि लेप मागत नाही.

भाचा म्हणाला, "मामू, गिऱ्हाईक तीन ठिकाणचे भाव घेते. खडीचे इंच लिहिले तर माझाच भाव जास्त दिसतो." खोटे नाही. तरी माझे म्हणणे असे की भावपत्रकात जमिनीखालचे आणि वरचे काम वेगवेगळे लिहावे : खडी किती इंच, काँक्रीट कोणत्या वर्गाचे, हवा किती, काप कुठे, लेप कधी आणि तो पुढे कोणी द्यायचा, पहिल्या हिवाळ्यात काय टाकायचे नाही. ते वाचून गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी गेले तरी निदान तिथे विचारील की तुमची खडी किती. ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाप्याचे काम घ्यायचे नाही, हेही छापून टाकावे. त्याने तसे केले. मी तिथे असताना या कागदामुळे त्याची दोन कामे गेली, एक मिळाले. रंग अगदी नमुन्यासारखा येईल अशी हमी मात्र त्याने लिहू नये असे मी सांगितले, कारण कापडातही ती मी कधी दिली नाही.

मिळालेले काम चढाच्या वाटेचे होते, उत्तरेकडे तोंड असलेले, ऊन जवळजवळ नाही. मालकाला सबंध वाट दगडी नक्षीची हवी होती. भाच्याने दोन संध्याकाळी बसून समजावले, तेव्हा मधला चढ झाडूचा आणि दोन्ही कडांना फूटभर छापा, यावर तो राजी झाला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काँक्रीट पडले. मी निघालो तेव्हा कडांना लेप लागायचा होता, त्याला अजून दोन-तीन आठवडे बाकी होते आणि मालक रोज सकाळी फोन करून विचारत होता की चमक कधी येणार.