पट्ट्याने अंडी मरत नाहीत

निंबोळीच्या तेलात भिजवलेला सुती पट्टा बांधला की कुत्र्याच्या पिसवा जातात, हे विधान अर्धेच खरे आहे. निंबोळीतील अझाडिरेक्टिन किडीची वाढ रोखते. पण मादी पिसू अंगावर घालते ती गुळगुळीत अंडी घरंगळून कुत्र्याच्या अंथरुणाच्या गोणपाटात, जमिनीच्या भेगांत पडतात. तिथे पट्टा काय करणार? आर्णी परिसरात पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्यांचा सडा पडतो, म्हणून हा उपाय स्वस्त आहे, इतकेच. तेल खोबरेलात पातळ करून कापडालाच लावावे. कातडी लाल दिसताच पट्टा काढावा. मांजराला तो बांधूच नये: ते अंग चाटते, आणि तेलात कापूर, नीलगिरी मिसळली असल्यास ती त्याला विषारी ठरतात. गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोशातली पिसू कित्येक आठवडे दडून राहते. झाडलोट तितके दिवस चालूच ठेवावी.