करपलेल्या बिअरला करपलेलीच म्हणा

ज्यांना राग यायचाय त्यांना लवकर यावा म्हणून आधीच सांगून टाकते. घरी केलेल्या तुमच्या बिअरला जो 'स्मोकी' स्वाद आलाय ना, तो स्मोकी नाही. तुमची बिअर करपली आहे.

मला हे कळायला पाच आठवडे आणि अठ्ठेचाळीस बाटल्या लागल्या.

मी मिनियापोलिसमध्ये राहते. अमेरिकेत एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे जवळपास ३८० लिटर बिअर घरच्या घरी करायला केंद्राचा कायदा परवानगी देतो. (पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे वाचून पातेलं शोधायला उठला असाल तर खाली बसा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि विनापरवाना घरी बिअर करणं हा गुन्हा आहे.) तर मी पहिल्यांदा केली ती साधी पेल एल. दीड-दीड किलोचे माल्ट एक्स्ट्रॅक्टचे दोन डबे, थोडे हॉप्स, यीस्टचं एक पाकीट, पातळ बुडाचं स्टीलचं मोठं पातेलं आणि भाड्याच्या घरातली विजेची कॉइलवाली शेगडी.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काय, ते आपल्याला समजायला अवघड नाही. बार्लीला मोड आणायचे, ती वाळवायची, हलकी भाजायची, भरडून गरम पाण्यात ठेवायची. पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून आटवला की मधासारखा घट्ट, तपकिरी पाक मिळतो. ज्यांच्या घरी नाचणी सत्त्व होतं त्यांना यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे आणि ज्यांनी काकवी पाहिलीय त्यांना उरलेली अर्धी. घरी बिअर करणाऱ्याने हा पाक पाण्यात विरघळवून हॉप्सबरोबर उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट घालायचं. यीस्ट घालण्याआधीच्या या गोड काढ्याला 'वर्ट' म्हणतात.

मी बाटल्या निर्जंतुक करण्यात दोन तास घालवले. पाक ओतण्यात दीड मिनिट.

या दीड मिनिटात काय होतं ते बघा. पाकात साधारण ८० टक्के घन भाग असतो आणि २० टक्के पाणी. एक लिटर पाकाचं वजन सुमारे १.४ किलो. म्हणजे तो पाण्यात ओतला की तरंगत नाही, पसरत नाही, गोगलगायीसारखा सरकत सरळ तळाला जाऊन बसतो. आपण वरून बघतो तर पाणी छान खदखदतंय. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग काय जळणार, असं आपल्याला वाटतं. पण तळाला जो थर बसलाय त्यात पाणी नाहीच्या बरोबर आहे. खाली कॉइल लाल, वर स्टीलचा पातळ पत्रा. स्टील उष्णता नीट पसरवत नाही, त्यामुळे कॉइलच्या वळणांवर नेमके तापलेले पट्टे तयार होतात. त्या पट्ट्यांवरचा पाक आधी कॅरमल होतो, मग काळा होतो, मग कोळसा.

गंमत म्हणजे मी बटण बंद केलं होतं. गॅस बंद केला की जाळ जातो. कॉइल मात्र बटण बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते, आणि माझं पातेलं तिच्यावरच होतं. पुस्तकात 'आच बंद करा' लिहिलेलं होतं. 'पातेलं उचलून बाजूला ठेवा' असं लिहायला काय जात होतं?

वर्ट गार करून ओतून घेतला तेव्हा तळाला कॉइलच्या आकाराची काळी जिलेबी चिकटलेली होती. चमचाभर चाखून बघितलं. गोड, छान. म्हटलं, वाचलो.

इथेच सगळे फसतात. वर्ट इतका गोड असतो की करपटपणा त्याच्याखाली झाकला जातो. मग यीस्ट येतं आणि बहुतेक साखर खाऊन टाकतं. करपलेले, कडवट पदार्थ ते खात नाही. म्हणजे दोन आठवड्यांनी पांघरूण निघून जातं आणि खालचा माणूस उघडा पडतो. बाटलीत भरून आणखी तीन आठवडे थांबले, पहिली बाटली उघडली. पहिल्या घोटाला ठीक वाटली. गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला राख. विझवलेल्या सिगरेटचा वास असलेल्या खोलीत बिअर प्यावी तसं काहीतरी.

यानंतर जे झालं त्याबद्दल मला खरं तर भांडायचंय.

ओळखीतल्या घरी बिअर करणाऱ्यांना ती प्यायला दिली. एकजण म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे." दुसरा, वीस वर्षं घरी बिअर करणारा, ग्लास उजेडात धरून म्हणाला, "सुंदर स्मोकी नोट आलीय. स्पर्धेत स्मोक्ड बिअरच्या गटात पाठव." तिसऱ्याने ग्लास खालीच ठेवला आणि दयाळूपणे म्हणाला, "एक्स्ट्रॅक्टची चव अशीच असते. धान्यापासून करायला लाग."

रात्री आईशी व्हिडिओ कॉल. बिअर म्हणायची हिंमत झाली नाही, "काकवीसारखा एक पाक उकळत होते, चव बिघडली" एवढंच सांगितलं आणि पातेलं दाखवलं. आई म्हणाली, "अगं, खाली लागलंय ते. ढवळलं नाहीस. उतू गेलेलं परवडतं, लागलेलं नाही."

वीस वर्षं बिअर करणाऱ्या माणसाला जे म्हणता आलं नाही, ते बिअरचा थेंब न चाखलेल्या बाईने फोनवरून सांगितलं. हुशारीचा प्रश्न नाही हा. आपल्या स्वयंपाकघरात या एका गोष्टीसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. खमंग वेगळं, खरपूस वेगळं, धुरकट वेगळं, करपट वेगळं. खरपूस भाकरीला कुणी करपलेली म्हणत नाही, आणि लागलेल्या बासुंदीला खरपूस म्हणून पाहुण्यांपुढे ठेवत नाही. ठेवली तर पाहुणे गप्प खातात, पण पुढच्या वर्षीपर्यंत आठवण काढतात.

बिअरमध्येही हे फरक खरेच आहेत. जर्मनीतल्या बाम्बर्गची धुरकट बिअर प्रसिद्ध आहे. तिथे मोड आलेलं बार्ली बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. धूर दाण्यात शिरतो, पातेल्यात काही जळत नाही. स्टाउटचा काळा, कॉफीसारखा स्वाद येतो भाजलेल्या माल्टमधून. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. २०० अंशांच्या वर, पण पिंप सतत फिरतं, दाणा एका जागी राहत नाही, आणि नेमक्या क्षणाला भाजणं थांबवतात. दोन्हीकडे आचेवर कुणाची तरी नजर आहे. माझ्या पातेल्यात कुणाचीच नजर नव्हती. नजर नसताना जे झालं त्याला शैलीचं नाव देणं म्हणजे सायकलवरून पडून 'मी उतरलोच होतो' म्हणणं.

आणि तो तिसरा, दयाळू माणूस. त्याच्यावर माझा जास्त राग आहे, कारण पहिल्या दोघांमुळे एक बाटली वाया जाते, याच्यामुळे माणूस वाया जातो. 'एक्स्ट्रॅक्टची चव' या नावाखाली इथे सगळं खपवलं जातं. एक्स्ट्रॅक्टची बदनामी जुनी आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा किराणा दुकानात माल्टच्या पाकाचे डबे 'बेकिंगसाठी' म्हणून विकले जात आणि लोक त्याची काय करत हे दुकानदारालाही माहीत होतं. दारूबंदी उठली तरी घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, जिमी कार्टरच्या सहीनंतर. तोवर चोरून करायची, तर कसले ताजे डबे आणि कसला निवांतपणा. डब्यात साखर ओतून पातळ आंबट काहीतरी प्यायचं, ही लोकांची आठवण.

जुना पाक खराब लागतो, हे खरंच आहे. डब्यात पडून पडून तो आपोआप गडद होतो आणि त्याला शिळी चव येते. पण शिळा वेगळा आणि करपलेला वेगळा. शिळ्याला तारीख बघून घेणं हा उपाय. करपलेल्याला पातेलं उचलणं. दोन्हीला 'धान्यापासून कर' हे उत्तर देणारा माणूस तुम्हाला आणखी हजारभर डॉलरची भांडी घ्यायला लावतो, आणि तुम्ही त्या नव्या भांड्यातही तसंच करपवता. बुडाशी बसलेलं पीठ आणि खाली विजेचा हीटर असला की धान्याचा वर्टही लागतोच.

म्हणून नवं सामान घेण्याआधी एवढं करा. डबा अर्धा तास गरम पाण्यात ठेवा म्हणजे पाक सैल होईल. पातेलं शेगडीवरून उचला. बंद नका करू, उचला. एकाने बारीक धारेने ओतायचं, दुसऱ्याने तळ घासत ढवळायचं. चमचा तळाला कुठेही अडखळेनासा झाला की मगच परत आचेवर. अर्ध्याहून जास्त पाक उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतच घातला तरी चालतो, उलट रंग फिका राहतो. गूळ करताना काहिलीपाशी गुळव्या उभा असतो, तो रस सोडून फोनवर बोलताना कुणी पाहिलाय का? (आता दिसेलही, पण तो गूळ मी घेणार नाही.)

आणि काळे कण दिसलेच तर खरवडू नका. दूध लागल्यावर करतो तेच. वरचं हळूच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. शंका असेल तर वाटीभर वर्ट एका बरणीत काढा, भरपूर यीस्ट घाला, उबेला ठेवा. दोन-तीन दिवसांत साखर संपते आणि चव स्वतः बोलते. बाटल्या धुण्याआधी कळलेलं बरं.

मी त्रेचाळीस बाटल्या मोरीत ओतल्या. एका शनिवारची दुपार गेली, हाताला वास राहिला. दोघांनी माझं मन राखायला दोन-दोन आधीच नेल्या होत्या, त्या त्यांनी काय केल्या मी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याच कंपनीचे दोन डबे आणले, तेच हॉप्स, तेच पातेलं. ते ओट्यावर लाकडी पाटावर ठेवलं, मैत्रिणीला ढवळायला बसवलं. दोघींची मिळून दहा मिनिटं गेली.

पहिल्या खेपेची एक बाटली फ्रिजमध्ये मागे ठेवली आहे. त्या वीस वर्षंवाल्या दादांना पुढच्या शनिवारी बोलावलंय. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवणार, कुठला कुठला ते न सांगता.