गॅस संपत नाही, गळतो!

साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या केबिनला २०२५ मध्ये एसी सक्तीचा झाला. छानच! पण मित्रांनो, तो गार करेना की कित्येक गॅरेजांत उपाय एकच: 'गॅस भरा'. अरे, गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी कंडेन्सरवरची धूळ, फ्यूज, कॉम्प्रेसरचा क्लच बघा. मग प्रेशर. लीकेज सापडलं की ते काढून, व्हॅक्यूम करून, मगच मोजून गॅस भरा. नाहीतर ड्रायव्हर पैसे देऊनही पुन्हा घामाघूम, आणि तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापवणारा आर-१३४ए हवेत! थर्मोच्या पेपरात हीच सायकल आपण मार्कांसाठी काढतो. ती एकदा तरी ट्रकवर हात काळे करून शिकायला हवी.