भरतपूरची म्हैस

भरतपूर म्हटलं की सगळ्यांना पक्षीच आठवतात. साहजिकच आहे. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साडेतीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण मला विचाराल तर तिथली खरी गोष्ट चार पायांच्या प्राण्यांची आहे, आणि ती आपण होऊ घातलेल्या इंजिनीअर्सनी ऐकायलाच हवी.

डिसेंबरात आम्ही तिघे ट्रेनिंगसाठी फरीदाबादला होतो. एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला, तेव्हा ठरवलं की भरतपूरला जायचं आणि पक्षी सोडून प्राणी शोधायचे! आत फिरायला सायकल रिक्षा घेतली. रिक्षावाल्या चाचांना पक्ष्यांची इंग्रजी नावं माझ्यापेक्षा जास्त पाठ, आणि मी म्हणे कॉन्व्हेंटचा! आम्ही प्राण्यांबद्दल विचारल्यावर मात्र ते हसले आणि म्हणाले, "चलिए, आज नीचे देखते हैं."

धुकं विरल्यावर पोटापर्यंत पाण्यात उभं राहून पाणवनस्पती खाणारं सांबर दिसलं. नीलगाई दिसल्या. बदकांवर नजर ठेवून बसलेली कोल्ह्यांची जोडी दिसली. साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी एक भला मोठा अजगर ऊन खात पडला होता. थंडीत अजगर साळिंदराच्याच बिळात मुक्काम करतो म्हणे. आपल्या हॉस्टेलमधल्या रूम पार्टनर्सची तक्रार करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा! पाणमांजर आणि फिशिंग कॅट यांनी मात्र दर्शन दिलं नाही.

पण या पाणथळाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा सस्तन प्राणी आम्हाला आत दिसणार नव्हताच. तो म्हणजे गावातली साधी म्हैस.

केवलादेव हे काही आपोआप तयार झालेलं जंगल नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला आणि त्याच्या पाण्यावर हे पाणथळ उभं राहिलं. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होत्या. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. सलीम अलींसारख्या मोठ्या तज्ज्ञांचाही बंदीला पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली.

पुढे काय झालं? म्हशी जे पास्पलम नावाचं पाणगवत खात होत्या ते बेसुमार वाढलं. उघडं पाणी झाकलं जाऊ लागलं. मासे आणि बदकं यांची जागा कमी झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे सुमारे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की चराईबंदीने पाणथळाचं नुकसानच झालं. म्हणजे ज्या पक्ष्यांसाठी म्हशी हाकलल्या, त्यांनाच त्याचा फटका बसला!

आता कोणी म्हणेल, "मग काय, सगळ्या जंगलांत गुरं सोडायची?" मुळीच नाही. गुरांची संख्या वाढली तर तीही जंगल खाऊन टाकतात. माझं म्हणणं एवढंच की चालू मशीनमधला एखादा पार्ट निरुपयोगी वाटला म्हणून तो काढून फेकण्याआधी तो काय काम करतो हे तपासावं. थोडा भाग बंद ठेवून दोन-चार सीझन निरीक्षण करता आलं असतं. गावकऱ्यांशी बोलता आलं असतं. माणसांचे जीव गेल्यावर आलेला रिपोर्ट कितीही अचूक असला तरी त्या घरांना त्याचा काय उपयोग?

उद्या आपण धरणं, रस्ते, कॅनॉल यांची ड्रॉइंग्ज काढणार आहोत. त्या नकाशावर आधीपासून कोणीतरी राहत असेल, काहीतरी चरत असेल. म्हणून सरांना आणि मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिटरेचर सर्व्हेच्या जोडीला आणखी एक पान सक्तीचं करा: आज ही जागा कोण वापरतं, कशासाठी वापरतं, आणि तुम्ही त्यांच्याशी बोललात का?

हे पान नेटवरून कॉपी-पेस्ट करता येणार नाही. त्यासाठी साइटवरच जावं लागेल!